गेट बंद असावं, असं मी म्हणत असे

अभयारण्यात माणसांनी जाऊच नये, असं माझं मत होतं, आणि ते चांगलं पक्कं होतं. साकोलीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होते तेव्हा वर्गात, निसर्गमंडळाच्या बैठकीत, उन्हाळ्यात नातेवाईक येऊन “नागझिऱ्याचं बुकिंग करून दे” म्हणाले की घरी, सगळीकडे मी तेच बोलायचे. जंगल जनावरांचं आहे, त्यांना त्यांचं राहू द्या. वनखात्याचे लोक आणि अभ्यासक सोडले तर आत कुणाचं काही काम नाही. हे मत आता माझं राहिलेलं नाही. ज्यांच्यासोबत उभं राहून मी हा वाद घातला, त्यांना हे इकडून तिकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे.

त्या मतामागं कारणं होती आणि ती आजही खोटी ठरलेली नाहीत. नागझिरा आमच्या उंबऱ्यावरचं जंगल. साकोलीतून निघालं की धानाच्या बांध्या, बोड्या, मालगुजारी तलाव मागं पडत जातात आणि वीस-बावीस किलोमीटरवर साग, ऐन, बीजा, बांबू सुरू होतो. १९७० साली हे अभयारण्य झालं. मूळ क्षेत्र जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. मधोमध तळं, काठावर विश्रामगृहं, आणि त्या विश्रामगृहांत वीज नाही. सूर्य मावळला की कंदील. व्यंकटेश माडगूळकरांनी या जंगलावर पुस्तक लिहिलं, पुढं किरण पुरंदरे इथं चारशे दिवस राहिले आणि त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिलं. ती पुस्तकं वाचून जे येत, ते हळू बोलत. एका झाडाखाली तासभर बसत. दुर्बिणीतून स्वर्गीय नर्तक पाहून परत जात. त्यांच्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती वाघाच्या नावानं येणाऱ्यांची. जय नावाचा वाघ इथलाच. २०१३ मध्ये तो नागझिऱ्यातून निघाला, शंभराहून जास्त किलोमीटरचा मुलूख तुडवत उमरेड-कऱ्हांडल्याला पोहोचला आणि देशभर प्रसिद्ध झाला. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, तो आजतागायत सापडलेला नाही. पण जंगल म्हणजे वाघ आणि वाघ म्हणजे फोटो, ही समजूत त्याच्या आसपासच्या वर्षांत आमच्याकडं घट्ट बसली. एका उन्हाळी सकाळी तळ्याकडच्या वळणावर गव्याची मादी वासराला घेऊन पाण्याकडं निघालेली मी पाहिली. रस्त्याच्या अलीकडं दोन जिप्सी, पलीकडं एक. मादी पुढं पाऊल टाकायची, इंजिन घुरघुरायचं, ती मागं सरायची. वासरू तिच्या पोटाखाली शिरलेलं. गाड्यांतल्या कुणालाच आपण तिची वाट अडवून उभे आहोत हे कळत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ते थांबून तिच्याकडं कौतुकानं पाहत होते. ऊन चढलं, मादी बांबूत परतली. ती पाणी न पिता गेली, हे मी घरी येऊन किती जणांना सांगितलं असेल!

त्यामुळं जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन अंतरिम आदेशानं थांबवलं, तेव्हा आमच्या गटात आनंद झाला. मला एकच हळहळ होती. नागझिरा तेव्हा व्याघ्र प्रकल्प नव्हता, नुसतं अभयारण्य होतं, म्हणून तो आदेश इथं लागू नव्हता. ऑक्टोबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, गाभ्याचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटनाला ठेवता येईल असं ठरलं आणि बंदी उठली. खरं तर बंदीचे ते महिने बहुतेक पावसाळ्यातले, म्हणजे गेटं तशीही बंद असण्याचे. गेट बंद राहिलं तर जंगलाचं काय होतं, हे त्या बंदीतून कुणालाच कळलं नाही. आमच्या बाजूलाही नाही आणि त्यांच्या बाजूलाही नाही.

ते कळण्याची वेळ २०२० मध्ये आली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, ऐन हंगामात गेटं बंद झाली. उन्हाळाभर आत एकही पर्यटक नाही. मी वर्षानुवर्षं मागत होते तेच हे. मोर रस्त्यावर नाचताहेत, हरणं गावात येताहेत, असे व्हिडिओ फोनवर यायला लागले आणि मी ते आनंदानं पुढं पाठवले. मग बातम्या यायला लागल्या त्या फाशांच्या, रानडुकरांच्या मांसाच्या, विजेच्या तारांच्या. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेनं त्याच वर्षी जूनमध्ये अहवाल काढला. टाळेबंदीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत देशभरातल्या शिकारीच्या नोंदी आधीच्या तेवढ्याच काळाच्या दुपटीहून जास्त झाल्याचं त्यात होतं. मांसासाठी आणि आसपास विकण्यासाठी झालेल्या शिकारी त्यात बऱ्याच होत्या. शहरातून मजुरी सोडून परतलेली माणसं होती, हाताला काम नव्हतं, घरात भूक होती. पर्यटक नव्हते म्हणून शिकारी वाढल्या, असा सरळ हिशेब मी मांडणार नाही. पण पर्यटक नसले की जंगल शांतपणे स्वतःचं स्वतः जगतं, हे जे चित्र माझ्या मनात होतं, ते त्या उन्हाळ्यात टिकलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या रस्त्यांवरून जाणारी वीस-तीस माणसं, त्यातले काही गावचे गाइड आणि ड्रायव्हर, ही एक प्रकारची गस्तच होती. ती मला गस्त म्हणून कधी दिसली नव्हती.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये नागझिऱ्यात वणवा पेटला. तो विझवायला गेलेल्या वनमजुरांपैकी तीन जण होरपळून गेले. आमच्याकडं उन्हाळ्यात वणवा नवा नाही. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून पेटवतात, एखादी विडी पडते, वारा सुटतो आणि कक्षच्या कक्ष पेटत जातात. खातं जाळरेषा काढतं, माणसं नेमतं. पण आगीच्या तोंडावर हातात हिरव्या फांद्या घेऊन उभा राहतो तो हंगामी, रोजंदारीवरचा, जंगलालगतच्या गावातला माणूस. त्या तिघांची बातमी वाचली आणि मी बराच वेळ पेपर घेऊन बसून राहिले. “जंगल जनावरांचं आहे” या माझ्या वाक्यात या माणसांना जागा कुठं होती? पर्यटकांना बाहेर ठेवा म्हणताना मी गावकऱ्यांनाही त्याच रेषेबाहेर ठेवलं होतं. मनात तसं नव्हतं, पण वाक्याचा अर्थ तोच निघत होता.

मत बदललं ते मात्र बातम्यांनी नाही. ते एका चालण्यानं बदललं, आणि त्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे.

माझी एक विद्यार्थिनी जंगलालगतच्या गावात गाइड झाली आहे. जानेवारीत तिचा फोन आला. बफरमधल्या एका पायवाटेवर पाहुण्यांना चालत न्यायचं गावच्या समितीनं ठरवलंय, आधी तुम्ही येऊन बघा, म्हणाली. “मॅडम, तुमाले आवडनार नाई म्हाईत आहे, पन एकडाव या.” मी गेले. सोबत पुण्याचं एक जोडपं आणि त्यांचा सातवीतला मुलगा होता. गावामागच्या कापलेल्या बांध्या ओलांडल्या, बोडीच्या पाळीवरून गेलो आणि झुडपी जंगलात शिरलो. ती पुढं, खाकी शर्ट, हातात तेंदूची काठी. सुरुवातीलाच तिनं सांगितलं, की बोलायचं नाही, मी थांबले की थांबायचं, आणि मी परत फिरा म्हटलं की का म्हणून विचारायचं नाही.

तीन पायवाटा जिथं मिळतात तिथं ती पहिल्यांदा थांबली. जमिनीवर विष्ठेचे ढीग होते, काही जुने, पांढरे पडलेले, काही ताजे. काठीनं तिनं एक फोडला. आत केसच केस, तांबूस, टोकाला फिकट. “चितळ,” ती म्हणाली. मग मुलाला तिनं सांगितलं, की ही रानकुत्र्यांची जागा. अख्खा कळप इथं येऊन शी करतो, आणि नेहमी अशी जागा निवडतो जिथं वाटा एकत्र येतात. दुसरा कळप आला की त्याला वासावरून कळतं, इथं कोण राहतं, किती जण आहेत. मुलगा गुडघ्यावर बसला. त्याच्या आईनं नाकाला रुमाल लावला होता, तीही हळूहळू खाली वाकली.

पुढं एक वारूळ होतं, बाजूनं फोडलेलं. भोक इतकं गोल, की मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. भोकाच्या कडेला चार समांतर ओरखडे, बोटभर खोल. अस्वल नखांनी माती उकरतं, तोंड भोकाला लावतं आणि वाळवी श्वासानं ओढून घेतं. त्याला वरचे मधले दोन दात नसतात, ते त्यासाठीच. हे मी पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊन वर्गात बऱ्याचदा सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं ते तिनं दाखवलं. उकरलेल्या मातीचा ढिगारा तिनं निरखला आणि बाजूच्या पायवाटेवरची माती दाखवली. पायवाटेवर दवाचे थेंब पडून बारीक बारीक खड्डे झाले होते, ढिगाऱ्यावर ते नव्हते. म्हणजे दव पडून गेल्यावर माती उकरली आहे. तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. अस्वल दोन-तीन तासांपूर्वी इथं होतं.

थोड्या अंतरावर त्याचीच विष्ठा होती, बोरांच्या बियांनी भरलेली. तिनं काठीनं बिया पसरल्या आणि मुलाला म्हणाली, “हे बोरीचं झाड कुठं आहे सांग.” त्यानं आजूबाजूला पाहिलं. एकही बोर नव्हती. “बोडीजवळ होत्या,” तो म्हणाला. “मंग हे बी इथं कोनं आनलं?” मुलाला उत्तर सापडलं तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. तीस-एक वर्षं वर्गात उभी राहून बीजप्रसार शिकवला आहे मी. फळ्यावर आकृती काढून हा चेहरा क्वचितच मिळतो.

नंतर डावीकडच्या उतारावर वानर खाकरलं. एकदा, मग पुन्हा. ती जागच्या जागी उभी राहिली. हात मागं करून तिनं आम्हाला थांबवलं. आणखी एक वानर, आता जास्त उंचावरून. मग चितळाची शीळ, कर्कश, आखूड. माझ्या छातीत धडधडायला लागलं. जिप्सीत बसून हेच आवाज मी किती वेळा ऐकले असतील, आणि दर वेळी ड्रायव्हरनं गाडी त्या दिशेला पिटाळलेली पाहिली आहे. इथं गाडी नव्हती. आमच्यात आणि त्या उतारात नुसतं गवत होतं, कमरेएवढं. ती मिनिटभर ऐकत राहिली आणि म्हणाली, “चला, वापस.” पुण्याच्या गृहस्थांनी तोंड उघडलं, पण नियम आठवून मिटलं. आम्ही आलो त्या वाटेनं परतलो. बिबट होता की वाघ, की आणखी काही, आम्हाला कळलं नाही. बोडीच्या पाळीवर पोहोचल्यावर त्या मुलानं श्वास सोडला आणि म्हणाला, “आई, मी खरंच घाबरलो होतो.” तो हे अभिमानानं सांगत होता.

साहस साहस म्हणतात ते मला तिथं कळलं. आपण इथले मालक नाही, आपल्याला कुणीतरी परत फिरवू शकतं, आणि आपण फिरतो, ही जाणीव अंगातून जाणं म्हणजे साहस. झिपलाइन आणि दोऱ्यांचे पूल जंगलाच्या काठाला आणून लावतात, त्यात ही जाणीव येत नाही.

दुपारी तिच्या घरी थांबले. तिचे वडील अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसले होते. काळा चहा झाला. ते मला ओळखत होते, शाळेत पालकसभेला येत असत. बोलता बोलता म्हणाले, “पयले आमी जंगलात चोरावानी जात होतो. आता पोरगी वर्दी घालून जाते.” तरुणपणी बांबूच्या एका भाऱ्यासाठी नाकेदारानं त्यांना पकडलं होतं. दंड भरायला बकरी विकावी लागली होती. मग ते म्हणाले ती गोष्ट मी विसरू शकलेले नाही. पूर्वी जंगलात फासा लावलेला दिसला, शेताच्या कडेला रात्री उघडी तार सोडलेली दिसली, तरी गावात कुणी बोलत नसे. “सांगनाराच गुतते, मॅडम.” जनावर मेलं तरी आपलं काय गेलं, असं वाटायचं. आता दिसलं की ते मुलीला सांगतात, मुलगी वनरक्षकाला फोन करते. कारण जनावर मेलं की तिची रोजी जाते, आणि, हे त्यांनी थोडं थांबून सांगितलं, तिला वाईटही वाटते.

उघडी तार म्हणजे काय हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. जयचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडजवळ शेताच्या विजेच्या तारेला लागून मेला आणि त्याला पुरून टाकलं होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका तरुण वाघाला गाडीनं उडवलं. तो फरफटत झाडीत जाताना कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. दोघेही गेटच्या बाहेर मेले. आमची सगळी चळवळ गेटच्या आतल्या गाड्यांबद्दल होती. बाहेरच्या जंगलाला ना तिकीट, ना गाइड, ना पाहायला येणारं कुणी, आणि म्हणून त्याच्यासाठी ओरडणारंही फार थोडं. पेंचमध्ये नागपूर-शिवनी महामार्गाखालून जनावरांसाठी भुयारी मार्ग झाले, आज त्यातून वाघ जातात. ते घडलं कारण पेंच हे नाव लोकांना माहीत होतं, लोक तिथं जाऊन आले होते, म्हणून भांडणाऱ्यांच्या मागं उभं राहायला माणसं होती. माणूस जे जंगल पाहून येतो त्याच्याबद्दल पेपरात बातमी आली तर वाचतो. जे पाहिलेलंच नाही, त्याच्यातून रस्ता गेला काय आणि खाण आली काय, त्याला पान उलटायला वेळ लागत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण विरोधात बोलताना मी हा मुद्दा टाळायचे. २००६ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद झाली. गेटवर जमा होणारी रक्कम सरकारी तिजोरीत हरवून न जाता तिथं जाते आणि तिथून जंगलाच्या आणि आसपासच्या गावांच्या कामाला लागू शकते. राज्याची जन-वन विकास योजना २०१५ पासून बफरमधल्या गावांत गॅस, कुंपण, रोजगार अशा गोष्टींसाठी आहे. सगळं सुरळीत चालतं असं नाही, समित्यांच्या बैठका मी पाहिल्या आहेत. पण घरात गॅस आला की सरपणासाठी पहाटे जंगलात जाणं कमी होतं, आणि पहाटे जंगलात वाकून लाकडं गोळा करणाऱ्या बाईवरच अस्वल धावून येतं. आमच्याकडच्या बायांना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता मी काय सोडलेलं नाही, तेही नीट सांगायला हवं, नाहीतर गेटवर रांगा लावणारे मला आपल्यात ओढतील. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात बछड्यांसह चाललेल्या वाघिणीला दोन्हीकडून सफारीच्या गाड्यांनी कोंडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तो व्हिडिओ पाहताना मला तळ्याकडच्या वळणावरची गव्याची मादी आठवली आणि तेवढाच राग आला. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडच्या वाघांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं मोजली आहेत. पर्यटनाच्या काळात ती जास्त आढळली आणि गाड्यांच्या संख्येशी त्यांचा संबंध दिसला. हे अनुमान नाही, मोजमाप आहे. नागझिऱ्यात वाघ आधीच थोडे, म्हणून २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या वाघिणी आणून इथं सोडल्या. त्यांना नव्या घरात रुजू द्यायचं असेल तर त्यांच्या मागं गाड्या पिटाळून चालणार नाही. गेटाशेजारी मोहाची झाडं तोडून उभी राहणारी, रात्रभर दिवे जाळणारी, मालक नागपूर-मुंबईचा आणि गावाला नुसतं भांडी घासण्याचं काम देणारी रिसॉर्टं मला पूर्वी नको होती, आजही नकोत. पावसाळ्यातली जुलै ते सप्टेंबरची सुट्टी एका दिवसानंही कमी होता कामा नये.

पण “येऊ नका” हे मी आता म्हणत नाही. मी म्हणते, या. गावात राहा, शक्य तर दोन रात्री. धानाचा भात, तळ्यातली मासोळी, जे घरात शिजेल ते खा. एका सकाळी आत जा आणि दुसऱ्या सकाळी बफरमध्ये चाला. वाघ दिसेल का हे गाइडला विचारू नका, कारण तुम्ही ते विचारलं की तो तुमच्यासाठी गाडी पिटाळतो, मग त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला विचारा की तुमच्या गावात कोणती झाडं कशाला वापरतात, पहिल्यांदा अस्वल कधी पाहिलं. आणि मुलांना आणा. पुण्या-मुंबईची आणा, त्याहून आधी साकोली-तिरोड्याची आणा. जंगलापासून तासाभराच्या अंतरावर राहणारी कितीतरी मुलं शाळा संपेपर्यंत एकदाही आत जात नाहीत. जिप्सीचं भाडं आणि प्रवेशशुल्क मिळून जे होतं तो त्यांच्या घरात आठवड्याचा किराणा असतो. काठावरच्या प्रत्येक शाळेतल्या मुलांना एकदा तरी फुकट आत नेलं पाहिजे, ही मागणी मी गेल्या वर्षापासून लावून धरली आहे.

मध्यंतरी त्या गावच्या समितीच्या बैठकीला मला बोलावलं होतं. गेटवर गाड्यांची संख्या वाढवून मागावी, असा प्रस्ताव होता. मी विरोधात बोलले. तेव्हा माझी तीच विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, “मॅडम, गाड्या वाढल्या नाई तर गावातल्या बाकीच्या पोरीले वर्दी कशी भेटन?” खोलीत शांतता झाली. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, एका जिप्सीत सहा पाहुणे बसतात, त्यांना एक गाइड आणि एक ड्रायव्हर लागतो, आणि गाडीचा मालक बहुतेक वेळा गावाबाहेरचा. चालायला न्यायचं तर चार माणसांमागं एक गाइड लागेल, गाडीचा हप्ता नाही, डिझेल नाही, सगळे पैसे गावात. वाटा वाढवा, गाड्या नको. तिनं मान हलवली नाही. चालायला येणारे पाहुणे तेवढे मिळतील का, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी म्हटलं, मिळवायला लागतील, त्यासाठी मी लिहीन, फिरेन, शाळाशाळांत बोलेन. शेवटी प्रस्ताव पुढं ढकलला आणि बोडीपलीकडच्या दुसऱ्या एका वाटेची पाहणी ऑक्टोबरमध्ये करायची ठरली. पावसानंतर तिथं गवत पुरुषभर वाढलेलं असतं, आधी ते कापावं लागेल. त्या कापणीची मजुरी कुठल्या खात्यातून द्यायची, यावर पुढची बैठक आहे, आणि मी जाणार आहे.